परीक्षेच्या तोंडावर प्रोग्रामिंग का अडते? पहिल्या वर्षाच्या 'सी' भाषेची अडचण आणि तिची उकल

मुंबई : सत्र संपत आले आहे, जर्नलवर सह्या झाल्या आहेत, सबमिशनची धावपळ आटोपली आहे आणि अभ्यासरजा सुरू झाली आहे. अभियांत्रिकी, बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा पदविका अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातील अनेक विद्यार्थ्यांना नेमक्या याच टप्प्यावर एक गोष्ट उमगते. गणित, भौतिकशास्त्र, आरेखन हे विषय कसेबसे आवाक्यात येतात; पण प्रोग्रामिंगचे पुस्तक उघडले की वाचलेले समजते आणि कोऱ्या कागदावर काहीच लिहिता येत नाही. वर्गात फळ्यावर सोपा वाटलेला प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला की पहिल्या चार ओळींनंतर हात थांबतो.

ही अवस्था एखाद्या विद्यार्थ्याच्या आळसाची किंवा बुद्धीची कहाणी नाही. प्रोग्रामिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात अडखळणाऱ्यांची संख्या जगभर लक्षणीय आहे आणि त्यामागच्या कारणांचा गेली चार दशके अभ्यास होत आला आहे. भारतात या अडचणीला आणखी दोन पदर आहेत : संगणकावर चालवायची गोष्ट कागदावर लिहून दाखवण्याची परीक्षापद्धती आणि मातृभाषेतून शिकून आलेल्या विद्यार्थ्यांपुढील इंग्रजीची भिंत. एटीकेटी लागली तर पुढच्या वर्षीच्या डेटा स्ट्रक्चर्ससारख्या विषयांचा पाया कच्चा राहतो आणि कॅम्पस मुलाखतींच्या पात्रतेवरही परिणाम होतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचा हा एक विषय अनेकांच्या पुढील वाटचालीची दिशा ठरवतो.

बत्तीस शब्दांची भाषा

'सी' ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास विकसित केली. युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी तिचा वापर झाला. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे या भाषेवरील पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८९ मध्ये भाषेचे अमेरिकी प्रमाणित रूप निश्चित झाले. भारतात ई. बालगुरुसामी आणि नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या पुस्तकांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना ही भाषा शिकवली. आता काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षी पायथन ही भाषा स्वीकारली आहे. सीबीएसईनेही शालेय संगणकशास्त्रात सी प्लस प्लसऐवजी पायथनला स्थान दिले. तरीही पदविका आणि पदवीच्या असंख्य अभ्यासक्रमांत प्रोग्रामिंगशी पहिली ओळख 'सी'मधूनच होते.

१९८९च्या प्रमाणित 'सी'मध्ये राखीव शब्द केवळ ३२ आहेत. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, इंट, फ्लोट, रिटर्न, स्ट्रक्ट हे त्यांपैकी नेहमीचे. छपाईसाठी सर्रास वापरला जाणारा 'प्रिंटएफ' हा शब्दही या यादीत नाही. तो भाषेसोबत मिळणाऱ्या लायब्ररीतील एक फंक्शन आहे. शालेय जीवनात तीन भाषांचे व्याकरण आणि हजारो शब्द आत्मसात केलेला विद्यार्थी ३२ शब्दांपुढे हतबल का होतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शब्दसंग्रहात सापडत नाही. शब्द थोडे असले तरी त्यांच्या आधारे घडणाऱ्या क्रियांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहावे लागते, आणि अडचण तेथेच आहे.

संगणकाला हेतू कळत नाही

माणसाशी बोलताना वाक्य अर्धवट राहिले तरी ऐकणारा ते मनातल्या मनात पूर्ण करतो. 'जरा ते आण' एवढे म्हटले तरी घरातल्या माणसाला पुरते. संगणकाच्या ठायी ही समजूत नसते. अमेरिकी संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांचे विश्लेषण करताना असे दाखवले की, अनेक चुकांच्या मुळाशी एकच गृहीतक असते : यंत्राच्या आत एक समजूतदार मन आहे आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते.

याच सुमारास ब्रिटिश संशोधक बेनेडिक्ट डू बुले यांनी आणखी एक कल्पना मांडली. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या मनात संगणकाचे एक सोपे, कल्पित प्रतिरूप तयार व्हावे लागते. मूल्य कुठे साठते, कोणती ओळ कधी चालते, एखादी ओळ चालल्यावर नेमके काय बदलते, हे त्या प्रतिरूपात दिसले पाहिजे. हे चित्र स्पष्ट नसेल तर भाषेचे नियम तोंडपाठ असूनही प्रोग्राम म्हणजे गूढ मंत्र वाटू लागतो.

एक साधे उदाहरण घेता येईल. 'बेरीज' नावाच्या चलात प्रारंभी ० आहे आणि 'आय' हा चल १ पासून ५ पर्यंत एकेकाने वाढत जातो. प्रत्येक फेरीत 'आय'ची किंमत 'बेरीज'मध्ये मिळवली जाते. पाच फेऱ्यांत 'बेरीज'ची किंमत अनुक्रमे १, ३, ६, १० आणि १५ होते. येथपर्यंत बहुतेकांना अडचण येत नाही. मात्र लूप संपल्यानंतर 'आय'ची किंमत किती, असे विचारले की अनेकांचे उत्तर ५ असे येते. प्रत्यक्षात ती ६ असते; कारण 'आय' ६ झाल्यावरच '५ किंवा त्याहून कमी' ही अट खोटी ठरते आणि लूप थांबते. हे उत्तर पाठांतराने येत नाही. ओळीगणिक काय घडते ते पाहण्याची सवय असेल तरच ते येते.

बीजगणिताची सवय आड येते

शाळेत दहा वर्षे शिकलेले गणित प्रोग्रामिंगला साहाय्यभूत ठरते. पण काही ठिकाणी तीच सवय वाट अडवते. बीजगणितात 'क = क + १' हे समीकरण निरर्थक आहे, कारण कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही. 'सी'मध्ये मात्र ही रोजच्या वापरातील ओळ आहे. येथे बरोबरीचे चिन्ह समानता दाखवत नाही; 'उजवीकडचे मूल्य काढ आणि डावीकडच्या जागेत ठेव' अशी ती आज्ञा असते.

समानता तपासायची असेल तर हे चिन्ह दोनदा लिहावे लागते. 'गुण १०० असतील तर अभिनंदन छाप' अशी अट लिहिताना एकच चिन्ह पडले, तर संगणक तुलना करत नाही. तो 'गुण' या चलात १०० भरतो, शून्येतर मूल्य मिळाले म्हणून अट खरी मानतो आणि प्रत्येकाचे अभिनंदन करतो. शिवाय प्रत्येकाचे गुणही १०० होऊन बसतात. कम्पायलर अशा ओळीला चूक मानून थांबत नाही. फार तर सावधगिरीची सूचना देतो. प्रोग्राम चालतो आणि उत्तर चुकते.

भागाकाराचेही तसेच आहे. दोन पूर्णांकांचा भागाकार 'सी'मध्ये पूर्णांकच राहतो, दशांश भाग गळून पडतो. ६०० पैकी ४५० गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची टक्केवारी काढताना ४५० भागिले ६०० गुणिले १०० असे लिहिले, तर उत्तर ७५ येत नाही, शून्य येते; कारण पहिल्याच पायरीवर भागाकार शून्य होतो आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच उरतो. ४५०च्या जागी ४५०.० लिहिले की उत्तर सुधारते.

संख्यांना मर्यादा असते, ही आणखी एक अनोळखी बाब. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही बोर्लंड कंपनीचे जुने टर्बो सी वापरले जाते. त्यात सामान्य पूर्णांक १६ बिटांत साठतो आणि त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. तेथे क्रमगुणिताचा प्रोग्राम चालवला तर ७चे क्रमगुणित ५,०४० असे बरोबर येते. पण ८साठी ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ अशी संख्या पडद्यावर उमटते. तोच प्रोग्राम आजच्या ३२ बिटांच्या पूर्णांकावर १२च्या क्रमगुणितापर्यंत बरोबर चालतो आणि १३ला बिघडतो. विद्यार्थी आपल्या तर्कात चूक शोधत बसतो, चूक मात्र साठवणीच्या जागेच्या आकारात असते.

पॉइंटर : झेरॉक्स आणि मूळ नोंद

पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात सर्वाधिक धास्ती पॉइंटरची असते. बहुधा हा भाग सत्राच्या अखेरीस येतो, घाईत शिकवला जातो आणि परीक्षेत हमखास विचारला जातो. त्यामागची कल्पना मात्र व्यवहारातली आहे.

शेतकऱ्याने सातबारा उताऱ्याची झेरॉक्स कोणाला दिली आणि त्याने तीवर खाडाखोड केली, तरी तलाठ्याच्या दप्तरातील मूळ नोंद बदलत नाही. 'सी'मध्ये फंक्शनला एखादे मूल्य दिले जाते तेव्हा त्याची अशीच प्रत दिली जाते. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करणारे फंक्शन लिहिले, तर आतल्या प्रतींची अदलाबदल होते आणि मूळ चल जसेच्या तसे राहतात. मूळ नोंद बदलायची असेल तर ती कोणत्या कार्यालयात, कोणत्या दप्तरात आहे याचा ठावठिकाणा द्यावा लागतो. पॉइंटर हा असा ठावठिकाणा साठवणारा चल आहे. '&' हे चिन्ह पत्ता विचारते; '*' हे चिन्ह त्या पत्त्यावर जाऊन तेथील वस्तूला हात घालते.

'स्कॅनएफ'ने संख्या वाचताना चलाच्या नावाआधी '&' का लिहायचे, याचे उत्तरही यातच आहे. कीबोर्डवरून आलेली संख्या कुठे नेऊन ठेवायची, तो पत्ता त्या फंक्शनला हवा असतो. चिन्ह विसरले तर चलातील मूल्यच पत्ता समजले जाते आणि प्रोग्राम भलत्याच जागी लिहू पाहतो. चिन्हांचा हा नियम अनेक विद्यार्थी सत्रभर कारण न समजता पाळत असतात. कारण कळल्यावर पॉइंटरचे अर्धे ओझे उतरते.

दोष कोणाचा?

'प्रोग्रामिंग उपजतच यावे लागते' हा समज वर्गांत आणि वसतिगृहांत दृढ असतो. २००६ मध्ये ब्रिटनमधील मिडलसेक्स विद्यापीठातील सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांच्या एका मसुद्याने त्याला खतपाणी घातले. शिकवणी सुरू होण्याआधीच एका चाचणीवरून कोणाला प्रोग्रामिंग जमेल आणि कोणाला नाही हे सांगता येते, असा त्यात दावा होता. तो जगभर चर्चिला गेला. मात्र पुढील पडताळणीत तो टिकला नाही आणि बोर्नाट यांनी २०१४ मध्ये तो जाहीरपणे मागे घेतला.

अडखळणाऱ्यांचे प्रमाण मात्र खरोखरच मोठे आहे. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या नेतृत्वाखाली चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची पहिल्या अभ्यासक्रमानंतर चाचणी घेण्यात आली. ११० पैकी सरासरी गुण होते २२.८९. जेन्स बेनेडसन आणि मायकेल कॅस्परसन यांनी २००७ मध्ये विविध संस्थांकडून माहिती गोळा केली, तेव्हा प्रास्ताविक अभ्यासक्रमात सरासरी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी यशस्वी होत नसल्याचे आढळले. क्रिस्टोफर वॉटसन आणि फ्रेडरिक ली यांच्या २०१४च्या अभ्यासातही उत्तीर्णांचे प्रमाण ६७.७ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच निघाले.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये यामागचे एक कारण सुचवले. प्रोग्रामिंगमधील संकल्पना एकमेकींत घट्ट गुंफलेल्या असतात. चल कळला नाही तर लूप कळत नाही, लूप कळली नाही तर ॲरे आणि ॲरे कळला नाही तर पॉइंटर कळत नाही. सुरुवातीला पकड आलेल्या विद्यार्थ्याला पुढची पायरी सोपी जाते. एखादा आठवडा निसटलेल्याला पुढचा प्रत्येक आठवडा अधिक जड होतो. इतिहासात एक प्रकरण सोडून दुसरे वाचता येते, येथे तशी सवलत नाही. दोन विद्यार्थ्यांतील सत्राअखेरीचे प्रचंड अंतर अनेकदा सुरुवातीच्या छोट्या फरकातून वाढत गेलेले असू शकते. प्रवेशफेऱ्या लांबल्याने उशिरा वर्गात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते.

ऑकलंड विद्यापीठाचे अँड्र्यू लक्स्टन-रायली यांनी २०१६ मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते प्रोग्रामिंग मुळात अवघड नाही; पहिल्याच सत्रात नवशिक्यांकडून अवास्तव अपेक्षा ठेवल्या जातात, म्हणून ते अवघड ठरते.

माध्यमाची भिंत

मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्यापुढे एकाच वेळी दोन भाषा उभ्या असतात. 'व्हाइल' आणि 'रिटर्न' हे शब्द तो पटकन उचलतो. अडचण येते ती पुस्तकातील स्पष्टीकरण, प्रश्नपत्रिकेतील विधान आणि कम्पायलरने दाखवलेली चूक वाचताना. प्रश्न नेमके काय मागतो हे न कळल्यामुळे येत असलेला प्रोग्रामही सुटतो. तोंडी परीक्षेत उत्तर ठाऊक असूनही इंग्रजी वाक्य जुळवता न आल्याने गप्प राहणारे विद्यार्थी प्राध्यापकांना परिचित आहेत.

ही अडचण केवळ भारताची नाही. संशोधक फिलिप गुओ यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८६ देशांतील ८४० जणांनी आपले अनुभव मांडले होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना शिक्षणसाहित्य वाचणे, तांत्रिक संवाद साधणे, कोड वाचणे-लिहिणे आणि इंग्रजी व प्रोग्रामिंग एकाच वेळी शिकणे या गोष्टी जड जातात, असे त्यातून पुढे आले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नंतर या दिशेने काही पावले पडली. २०२१ मध्ये आठ राज्यांतील १४ अभियांत्रिकी महाविद्यालयांत हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बंगाली या पाच भाषांतून शिक्षण सुरू करण्याची घोषणा झाली. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग सुरू झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतील अभियांत्रिकीची पुस्तके उपलब्ध करून देण्याचे काम हाती घेतले. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात 'सी'सह अनेक विषयांचे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही ते सहज पाहता येतात.

अभ्यासगटात संकल्पना मराठीत समजून घ्यावी आणि परिभाषा मात्र परीक्षेतील शब्दांतच ठेवावी, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. 'लूप', 'ॲरे', 'फंक्शन' हे शब्द तसेच ठेवून त्यांच्याभोवतीचे स्पष्टीकरण मातृभाषेत झाले, तर समज आणि परीक्षा यांच्यात अंतर पडत नाही.

घोकंपट्टी कुठपर्यंत पुरते?

अभ्यासरजेत सर्वाधिक अवलंबला जाणारा उपाय म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रोग्राम पाठ करणे. लेखी परीक्षेत काही प्रश्न वर्षानुवर्षे त्याच स्वरूपात येत असल्याने यातून काही गुण मिळतातही. परंतु पाठ केलेल्या प्रोग्रामचा एक धोका असतो. कवितेतील एक शब्द विसरला तर उरलेली कविता शाबूत राहते. प्रोग्राममधील एक ओळ चुकली तर सगळाच निकाल बदलतो. 'चढत्या क्रमाने' ऐवजी 'उतरत्या क्रमाने' असे विचारले तर केवळ एका चिन्हाची दिशा बदलायची असते, पण ते चिन्ह कोणते हे पाठ करणाऱ्याला सांगता येत नाही.

पुन्हा पुन्हा वाचण्याच्या मर्यादेविषयी मानसशास्त्रात ठोस पुरावा आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन प्रकारच्या अभ्यासाची तुलना केली. उतारा अनेकदा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : केवळ वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून नंतर न पाहता आठवण्याचा सराव करणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेले 'येते' असे वाटण्याचे आणि सभागृहात ते निसटण्याचे हे एक कारण आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित चॅटबॉटमुळे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. प्रयोगवहीतील कोणताही प्रोग्राम आता क्षणात तयार मिळतो. चूक समजावून घेण्यासाठी हे साधन उपयुक्त आहे. परंतु सत्रभर उत्तरेच घेतली असतील तर कागदावर लिहिण्याची वेळ येईपर्यंत आपल्याला काय येत नाही हेच विद्यार्थ्याला कळत नाही.

शेवटचे तीन आठवडे

हाती तीन आठवडे असतील तर उत्तीर्ण होण्यापुरती आणि पुढील वर्षासाठी पाया राहील इतकी समज येणे शक्य आहे. त्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्या आठवड्यात नवीन काही लिहिण्याऐवजी लिहिलेले वाचावे. ऑस्ट्रेलियातील रेमंड लिस्टर यांच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये झालेल्या बहुदेशीय अभ्यासात असे दिसले की, अनेक विद्यार्थ्यांना दिलेल्या कोडचे उत्तर काय येईल हे सांगणेही जमत नाही. जे वाचता येत नाही ते लिहिता येणे अवघडच. कागदावर तक्ता आखावा, प्रत्येक चलासाठी एक रकाना करावा आणि ओळीगणिक किमती लिहीत जाव्यात. चल, अट आणि लूप यांवरील दहा-बारा छोटे प्रोग्राम असे तपासले की वर सांगितलेले कल्पित यंत्र मनात आकार घेऊ लागते. 'पायथन ट्यूटर' या विनामूल्य संकेतस्थळावर 'सी'चा प्रोग्रामही पायरीपायरीने चालताना पाहता येतो. आपला तक्ता बरोबर आहे का, हे तेथे पडताळता येते.

दुसऱ्या आठवड्यात लेखन सुरू करावे. मूळ संख्या, क्रमगुणित, फिबोनाची श्रेणी, अंकांची उलटापालट, आर्मस्ट्राँग संख्या, ॲरेमधील सर्वांत मोठी संख्या, बबल सॉर्ट, मॅट्रिक्सचा गुणाकार, अक्षरमालेची लांबी आणि पॅलिंड्रोम या दहा प्रोग्राममध्ये पहिल्या वर्षाच्या बहुतेक कल्पना सामावतात. आर्मस्ट्राँग संख्येचा प्रोग्राम पाठ करण्याआधी १५३ ही संख्या हाताने करून पाहावी : १चा घन १, ५चा घन १२५, ३चा घन २७ आणि बेरीज पुन्हा १५३. संख्येला १०ने भागून बाकी घेतली की शेवटचा अंक सुटतो आणि भागाकार घेतला की उरलेली संख्या मिळते, एवढी एक युक्ती कळली की अंकांची उलटापालट, अंकांची बेरीज आणि पॅलिंड्रोम संख्या हे तिन्ही प्रोग्राम एकाच वेळी सुटतात. बबल सॉर्टमध्ये पाच संख्यांसाठी ४, ३, २ आणि १ अशा एकूण १० तुलना का होतात, हे पाच पत्ते टेबलावर मांडून पाहिल्यास दुहेरी लूपचे कोडे उलगडते.

प्रत्येक प्रोग्राम आधी न पाहता कागदावर लिहावा, मग संगणकावर चालवावा. कम्पायलरने वीस चुका दाखवल्या तर फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा चालवावा. एका सुटलेल्या महिरपी कंसामुळे पुढील अनेक ओळी चुकीच्या ठरतात आणि सुटलेल्या अर्धविरामाची तक्रार कधी कधी पुढच्या ओळीवर दाखवली जाते. घरी संगणक नसेल तर मोबाइलवर चालणारे ऑनलाइन कम्पायलरही या पातळीवर पुरेसे असतात.

तिसरा आठवडा फंक्शन, पॉइंटर आणि स्ट्रक्चर यांना द्यावा आणि त्याच्या उत्तरार्धात जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून कागदावर सोडवाव्यात. कागदावर कम्पायलर नसतो, त्यामुळे चुका स्वतः शोधण्याची सवय लागते. लेखी परीक्षेत तर्काला गुण असतात. प्रोग्राम पूर्ण जमला नाही तरी पायऱ्यांचा आराखडा, फ्लोचार्ट, चलांची योग्य घोषणा आणि अपेक्षित उत्तर लिहिल्यास बहुधा काही गुण पदरात पडतात. कोरे पान सोडल्यास काहीच हाती लागत नाही.

तीनच दिवस उरले असतील तर सगळा अभ्यासक्रम उरकण्याचा मोह टाळावा. लूप आणि ॲरे एवढेच भाग तक्त्यासह पक्के करावेत, व्याख्या आणि फरक स्पष्ट करण्याचे प्रश्न स्वतंत्रपणे तयार करावेत आणि पॉइंटरमधील केवळ अदलाबदलीचा प्रोग्राम समजून घ्यावा. अपुऱ्या झोपेने एकाग्रता आणि आठवण दोन्ही क्षीण होतात आणि प्रोग्रामिंगच्या उत्तरपत्रिकेत एका चिन्हाचीही किंमत मोजावी लागते. त्यामुळे आदल्या रात्रीचे जागरण या विषयात विशेष महागात पडते.

महाविद्यालयांच्या हातात काय?

विद्यार्थ्याने अखेरच्या आठवड्यांत काय करावे, हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो संकुलात काही संगणक अभ्यासक्रमांत व्याख्यानांऐवजी 'सहाध्यायी अध्यापन' ही पद्धत वापरण्यात आली. प्राध्यापक एक प्रश्न मांडतात, प्रत्येक जण स्वतः उत्तर देतो, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर देतो. लिओ पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये सुचवलेले, विस्कटलेल्या ओळी योग्य क्रमाने लावण्याचे प्रश्नही नवशिक्यांना कोऱ्या पानाच्या भीतीतून बाहेर काढण्यासाठी वापरले जातात.

या उपायांना महागडी यंत्रसामग्री लागत नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गातही ते करता येतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातच एक छोटी चाचणी घेतली तर मागे पडू लागलेले विद्यार्थी वेळेत ओळखता येतात. संकल्पना एकमेकींवर रचलेल्या असल्याने सत्राअखेरीच्या जादा तासांपेक्षा ही सुरुवातीची मदत अधिक फलदायी ठरण्याची शक्यता असते.

अपयशाची भीती असह्य झाल्यास विद्यार्थ्यांनी एकट्याने झुंजत राहू नये. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन उपलब्ध आहे.

पहिल्या वर्षी एटीकेटी लागलेला विषय पुढील प्रयत्नात सुटू शकतो आणि प्रोग्रामिंग ही काही एका सत्रात संपणारी विद्या नाही. परीक्षेपुरते पाहिले तरी हातातील पहिले काम फारसे मोठे नाही. एक छोटा प्रोग्राम घ्यावा, कागदावर रकाने आखावेत आणि पहिल्या ओळीपासून प्रत्येक चलाची किंमत लिहीत जावी. जेथे आपण लिहिलेली किंमत आणि संगणकाने दाखवलेली किंमत जुळत नाही, तेथून अभ्यासाला सुरुवात करता येते.